पाते, पाने आणि गुरुजी

कृषी केंद्राच्या काउंटरवर मी कपाशीबद्दल एवढंच म्हटलं होतं, "पऱ्हाटीचे पाते गळून राह्यले, काय मारू?" काउंटरवरच्या पोट्ट्यानं मोबाईलमधून मान न काढता विचारलं, "पानं लाल पडली का काका?" आणि मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी समोर आपटली. इथवर चालून गेलं असतं. खरा घोळ बाकावर बसला होता.

बाकावर एक सेवानिवृत्त गुरुजी असतात. वावर ठेक्यानं दिलेलं, औषध कधी घेत नाहीत, फुकटचा पेपर वाचायला येतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पाते नव्हे, पाने. एक पान, अनेक पाने. नपुंसकलिंग."

"पातेच जी, गुरुजी. फुलाच्या आधी येते ते."

"मग कळी म्हणा. पाते चाकूला असते. पवनचक्कीला असते. तुमच्या पऱ्हाटीला पवनचक्की लागली काय?"

दुकान हसलं. युरिया मागायला आलेला एक जण तर युरिया विसरून हसला. गुरुजींना वर्ग मिळाला होता, तोही निवृत्तीनंतर.

"डोळ्यालाही पाते असते. पाते लवते न लवते तोच, असा वाक्प्रचार आहे."

"गुरुजी, माह्या वावरात..."

"वावर वाघाचा असतो. माणसाचे शेत असते."

"आमच्याकडे सध्या दोन्ही एकाच जागी आहे जी."

यावर कोणी हसलं नाही. टिपेश्वरच्या वाघांच्या अभयारण्याच्या बाजूनं येणारी दोन माणसं त्या गर्दीत होती, त्यांनी नुसत्या माना हलवल्या.

शुद्ध भाषेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पातं आणि पान यांत एका अक्षराचा फरक असला तरी खर्चाचा फरक फवारणीच्या अख्ख्या रोजीचा आहे. लागवडीनंतर साधारण दीड महिन्यानं तीन हिरव्या पाकळ्यांत मिटलेलं जे तिकोनी बोंडुक दिसतं, ते पातं. त्याचं फूल व्हायला तीनेक आठवडे, फुलाचं बोंड होऊन फुटायला आणखी दीड-पावणेदोन महिने. पान गळलं तर झाड दुसरं काढतं. पातं गळलं तर बोंड गेलं, म्हणजे कापूस गेला. थोडे पाते झाड स्वतःच टाकतं, तेवढ्यानं घाबरू नये. सडाच पडला तर खालचं पातं उचलून पाहावं. त्याला भोक असेल तर अळी. मग औषध वेगळं. भोक नसेल तर आभाळाकडे पाहावं. आठ-आठ दिवस ऊन नाही, भारी काळ्या जमिनीत पाणी थांबलेलं, मुळ्यांना हवा नाही, की पाते गळतात. लांब खंडानंतर एकदम धो-धो पाऊस आला तरी तेच. यात मॅग्नेशियम काय करणार? ते लाल्यासाठी, म्हणजे पानं लाल पडली तर.

हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा गुरुजी 'तास'वर पोचले होते. आमच्याकडे तास म्हणजे पिकाची ओळ. निंदणाला बायका लागल्या की एकेकीनं दोन-दोन तास धरायचे, ती तिची पात. पात हातातली, पातं झाडावरचं, पात कांद्याची. कांद्याच्या पातीची भाजी होते, निंदणाच्या पातीची मजुरी होते, एवढं लक्षात ठेवलं की कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ बाहेरच्याचा होतो. पाळीचंही तसंच. आरोग्यवाल्या बाईनं "पाळी कधी आली?" विचारलं आणि ओसरीवरचा म्हातारा म्हणाला, "दुसरी कालच देली, तिसरी वाफसा झाल्यावर." हा किस्सा प्रत्येक गाव आपलाच म्हणून सांगतं. म्हातारा डवऱ्याच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या कोळप्याच्या पाळीबद्दल बोलत होता आणि बरोबर बोलत होता. ओल्यात डवरलं तर डवऱ्याच्या पासेला, म्हणजे खालच्या लोखंडी पट्टीला, चिखल चिकटतो, गवत कापलं न जाता जागा बदलतं आणि चार दिवसांत पुन्हा उभं राहतं. पासेची धार गेली असेल तरी हेच होतं, वर बैल फुकट दमतात.

आणि धुरा! पेपरात पुढारी पक्षाची धुरा सांभाळतो. ती धुरा. आमचा धुरा तो. दोन वावरांच्या मधला बांध. तो सांभाळणं म्हणजे शेजाऱ्याला दरसाल वीतभर कोरू न देणं. पुढाऱ्याला जमतं ते सोपं काम. आमच्या धुऱ्यापायी मोजणीचे पैसे भरावे लागतात, मोजणीवाला येईपर्यंत शेजाऱ्याची तूर उभी असते, आणि तूर उभी असताना खुणा कुठं रोवायच्या?

गंमत म्हणून हे ऐकायला बरं वाटतं. पण पीक विम्यात नुकसान 72 तासांत कळवायचा नियम होता, तेव्हा कुणी हसत नव्हतं. रेंज नसलेल्या वावरात पाणी साचलेलं, आणि ॲपमध्ये कारण निवडा म्हणून जी नावं येत, त्यांत पातेगळ शोधून काढायची. आमचा शब्द चुकीचा, म्हणून आमचं नुकसानही चुकीचं. गुरुजींनी तिथं बसून कुणाचं तरी व्याकरण तपासायला हवं होतं.

शेवटी पिशवी परत सरकवली आणि डीएपी घेतलं. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवायचं, नाहीतर वरून काहीही मारा, उपयोग नाही. मग दोन टक्क्यांची फवारणी: 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम डीएपी. ते आयत्या वेळी ढवळून भागत नाही. रात्रभर भिजवावं, सकाळी वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यावं, नाहीतर नोझल चोंदतं आणि माणूस दिवसभर काडी घेऊन नोझलच कोरत बसतो. फवारल्यावर चार तास पाऊस येऊ नये.

घड्याळाचे.