‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

‘नवा कम्प्युटर घ्यायचाय? दिवाळीपर्यंत थांबा’ हा माझा लेख २०२२ मध्ये आला. नवं सॉकेट, म्हणजे बोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीवर) प्रोसेसर बसवायची जागा, येणार होतं आणि त्यावर डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालणार होती, म्हणून तोवर थांबा, असं मी त्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावानं एका वाचकांनी चार मुद्दे आणि एक टोमणा लिहिलाय. मुद्दे असे: डीडीआर५ च्या पिनांबद्दल मी चुकीचं लिहिलं, त्या वेळची डीडीआर५ महाग असून म्हणावी तशी वेगवान नव्हती, इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर४ च्या, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमच्या, बोर्डवरही चालतो, मग थांबायचं कशाला, आणि थांबण्यात कामाचा जो वेळ जातो त्याचा हिशोबच मी धरलेला नाही. टोमणा असा: “असा सल्ला रिकामटेकड्या माणसालाच सुचतो. ज्याचं पोट कम्प्युटरवर आहे तो थांबत नसतो.”

आधी चूक. पिनांचं तुमचं बरोबर आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्ही २८८ पिनांच्याच. फक्त खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटात बसत नाही. मी डीडीआर५ ला जास्त पिना लिहिल्या होत्या. दुरुस्त केलंय. चूक मान्य करायला मला जड जात नाही, एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं मी जरा तिखट लिहिणार आहे.

रिकामटेकडा!

साहेब, परभणीत लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं माझं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, मे महिन्यात दुपारी माउस हाताला भाजतो. २००९ पासून या खोलीत बसतोय. घरचा किराणा, दोन लेकरांच्या फिया, वडिलांची औषधं, सगळं या एका मशीनवर चालतं. पोट कशावर असतं हे मला तुमच्याकडून शिकायचं नव्हतं.

आता न थांबल्यानं काय होतं ते ऐका. २०१५ च्या जून महिन्यात मीही थांबलो नव्हतो. जुनं मशीन दमलं होतं आणि हातात लगीनसराईचे पैसे होते. नवीन सॉकेट येतंय, नवीन रॅम येतेय, असं वाचलं होतं, म्हणून दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “थांबून काय करता? रॅम काय दूध आहे का नासायला?” मला पटलं. जुन्या सॉकेटचं एच८१ बोर्ड, चौथ्या पिढीचा आय५ आणि डीडीआर३ च्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन घरी आलो. ऑगस्टमध्ये सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले, नव्या ११५१ सॉकेटवर, डीडीआर४ घेऊन. मला त्याचं काही वाटलं नाही. काम चालू होतं ना!

२०१८ च्या मे महिन्यात ते वाटलं. एका हळदीचा व्हिडिओ रेंडरला (तयार फाईल काढायला) लावला होता. लाईट गेली, आली, परत गेली आणि तिसऱ्यांदा आली ती फट् आवाज करूनच. झाकण उघडलं तर प्रोसेसरशेजारचे दोन कपॅसिटर टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. गेलं तर फक्त बोर्ड होतं. प्रोसेसर ठणठणीत, रॅम ठणठणीत. पण लावायचं कशात? परभणीत विचारलं, नांदेडला जाऊन आलो. जिथं तिथं नवं बोर्ड डीडीआर४ चं. त्यात माझी रॅम बसत नाही, माझा प्रोसेसरही बसत नाही. म्हणजे सहाशे ग्रॅमच्या एका पाटीपायी चांगल्या दोन वस्तू भंगारात. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलं एच८१ मागवलं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, सहाव्या दिवशी आलं. तेवढे सहा दिवस नवरीच्या मामाचा रोज सकाळी फोन. तुम्हाला तसा मामा भेटो.

आता दुसरी बाजू. नांदेडचा माझा एक मित्र, धंदा हाच, त्यानं २०१७ साली एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या एएम४ सॉकेटचं बोर्ड घेतलं, म्हणजे सॉकेट नवंकोरं असताना. त्यावर आजवर दोनदा प्रोसेसर बदलला. रॅम तीच, बोर्ड तेच. आता बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर टाकायचा म्हणतोय. बरं, तो माझ्यापेक्षा हुशार आहे असं काही नाही, तारीख बरी लागली. माझ्या अख्ख्या लेखात एवढंच होतं: सॉकेटच्या म्हातारपणी घेतलेलं मशीन तुम्हाला त्याच्यासोबत म्हातारं करतं.

तुम्ही शहरात राहत असाल. आमच्याकडं मृगाचा पहिला शिडकावा पडला की तिफण काढणारे दरवर्षी असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं आमच्या परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. त्या शास्त्रज्ञांना कुणी रिकामटेकडं म्हणत नाही. (म्हणतात म्हणा. दुबार पेरणीची वेळ येईपर्यंत म्हणतात.) बी तेच, रान तेच, पंधरा दिवसांचा फरक.

राहिलेले मुद्दे. २०२२ मधली डीडीआर५ म्हणावी तशी वेगवान नव्हती, कबूल. ४८०० वेगाची सीएल४० पट्टी (सीएल म्हणजे उत्तर यायला लागणारे ठोके) पहिल्या उत्तराला साधारण १६.७ नॅनोसेकंद घेते, ३२०० ची सीएल१६ डीडीआर४ दहाच घेते. वर तेव्हा दुप्पट पैसे. अहो, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! म्हणून तर थांबा म्हणत होतो. बाराव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर४ वर चालतो, तेही खरं. ज्याला परत २०१५ करायचंय त्यानं जरूर घ्यावा. एएमडीनं २३ मे २०२२ ला सांगून टाकलं होतं की एएम५ या नव्या सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालणार आणि ते सॉकेट त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर येणार. चार-पाच महिने. एवढ्यानं कुणाचं घर बसत नाही.

वेळेच्या हिशोबाचं म्हणाल तर त्यावर वेगळा लेख लिहीन, तो इथं दोन ओळींत होण्यातला नाही. या सीझनला दोन ऑर्डरी मी त्याच नांदेडच्या मित्राकडं वळवल्या, हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलेलं दिसतंय. त्याचं कारण ऊन आणि लाईट होतं, मशीन नव्हतं. फोर-के, म्हणजे खूप मोठं आणि जड फुटेज असल्यानं थोडा फरक पडला, तेवढा पडणारच.

तुमच्या प्रतिक्रियेचा सूर सोडला तर माझा तुमच्यावर राग नाही. पण पुढच्या वेळी टोपणनावाआडून लिहिण्यापेक्षा एकदा दुकानावर या. चहा पाजतो, ते फुगलेलं बोर्डही दाखवतो. भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवलंय.

टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. हे सगळं मोबाईलवर लिहिलंय, मशीन सकाळी नऊपासून एका लग्नाच्या रेंडरला अडकलंय. आत्ता ६१ टक्क्यांवर आहे, आणि चारला लाईट जाते.