'जुना वायरमन' यांना उत्तर: 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर का, आणि माझा 0.98 पॉवर फॅक्टर कुठे चुकला

काका, नमस्कार. (चाळीस वर्षं सबस्टेशनात काढली म्हणता, तेव्हा काकाच म्हणतो.) ट्रान्सफॉर्मर निवडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मारलेला "एक्सेलमध्ये ट्रान्सफॉर्मर बसवणारी पोरं" हा टोला बरोबर लागला. तुमचे आक्षेप दोन. मरोळच्या त्या मोल्डिंग कारखान्याचा कनेक्टेड लोड 520 किलोवॅट, त्याला 0.8 च्या पॉवर फॅक्टरने (प्रत्यक्ष कामाचे किलोवॅट भागिले एकूण ओढलेले केव्हीए) भागलं की 650 केव्हीए, म्हणजे 750 चा ट्रान्सफॉर्मर हवा होता. मी 500 चा बसवून मालकाला गोत्यात आणलं. आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः जे केव्हीएआर (चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) खातो, ते मी धरलेच नाहीत.

दुसरा आक्षेप शंभर टक्के खरा. पहिला नाही.

520 ही नेमप्लेटांची बेरीज आहे. सगळी मशिनं, चिलर, कंप्रेसर आणि क्रेन एकाच वेळी फुल लोडवर कधी येतात? ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधीच्या वर्षभराच्या बिलांत मॅक्सिमम डिमांड 338 किलोवॅटच्या वर गेलेली नाही. कपॅसिटरशिवाय (हे केव्हीएआर जागेवरच पुरवतात) पॉवर फॅक्टर 0.82, म्हणजे 412 केव्हीए. कपॅसिटर पॅनल अख्खा बंद पडला तरी ट्रान्सफॉर्मर 82 टक्क्यांवर. पॅनल चालू असताना 345 केव्हीएच. मोठा कंप्रेसर स्टार-डेल्टावर आहे (मोटर आधी कमी दाबावर सुरू होते), त्याच्या सुरुवातीच्या धक्क्याची भीती नाही.

आता माझी चूक. एलटी पॅनलवर (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या कमी दाबाच्या बाजूला) 0.82 चा 0.98 करायला साधारण 167 केव्हीएआर लागतात, एवढं मांडून मी हात झटकले आणि बिलावरही 0.98 च येईल असं लिहून मोकळा झालो. पण मीटर बसलाय 11 केव्हीच्या, म्हणजे जास्त दाबाच्या (एचटी) बाजूला, आणि मधे ट्रान्सफॉर्मर आहे. याचा इम्पीडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) 4.5 टक्के, म्हणजे फुल लोडला साडेबावीस केव्हीएआर. हा आकडा लोडच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतो. 345 केव्हीएवर तो पावणेअकराच्या आसपास येतो. शिवाय कोअर चुंबकित ठेवायला लागणारे वेगळे. टेस्ट सर्टिफिकेटवर नो-लोड करंट 1.5 टक्के आहे, म्हणजे साडेसात केव्हीएआर, दिवस-रात्र. दोन्ही मिळून अठरा. दिवसा एचटीला पॉवर फॅक्टर 0.97 पडतो. एवढ्यावर मी कदाचित तुमच्याशी भांडलोही असतो.

खरी गोची रात्रीची. तुमची प्रतिक्रिया वाचून कारखान्याच्या सुपरवायझरला सांगितलं, रात्री अकराला दोन फोटो पाठव. एका फोटोत एपीएफसी रिलेवर (कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारा) 0.98, हिरवा दिवा, सगळं आलबेल. दुसऱ्यात एचटी मीटरवर 0.77. कागदावर मांडलं तर 12 किलोवॅटचा दिवाबत्ती-पंपाचा लोड, त्याचे अडीच केव्हीएआर आणि वर ट्रान्सफॉर्मरचे साडेसात: 0.77 येतो. म्हणजे तुमचंच खरं. रिले बिचारा खोटं बोलत नाही, त्याचा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) एलटीच्या बसबारवर आहे, पलीकडचं त्याला दिसतच नाही. 2020 पासून एचटीचं बिल केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) असल्यामुळे वेगळा दंड लागत नाही, पण रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला हजाराच्या आसपास केव्हीएएच उगाच मोजले जातात.

आणि इथेच, काका, तुमचे दोन आक्षेप एकमेकांच्या पायात येतात. त्याच 1.5 टक्क्यांनी 750 च्या ट्रान्सफॉर्मरला रात्रंदिवस सव्वाअकरा केव्हीएआर लागले असते, आणि रात्रीचा पॉवर फॅक्टर 0.66 पर्यंत घसरला असता. मोठा घेतला की निवांत, ही सवय मीही साइटवरच शिकलो. रिकाम्या लोकलला वीज लागतेच ना, तसं आहे हे.

उपाय साधा आहे: साडेसात केव्हीएआरचा एक फिक्स्ड कपॅसिटर, स्वतःच्या फ्यूजसह, ट्रान्सफॉर्मर आणि रिलेचा सीटी यांच्या मधे. सीटीच्या पुढे, लोडकडे लावला तर रिलेला तो दिसेल आणि तो आपला एक स्टेप (पॅनलमधला कपॅसिटरचा एक गट) कमी करून बसेल, पैसे पाण्यात. साडेसातच्या वर मात्र जायचं नाही, सुट्टीच्या दिवशी लीडिंग जाईल (जादा केव्हीएआर उलटे लाइनकडे जातील).

मूळ लेखातला 0.98 खोडून 0.97 केलाय, रात्रीचा हिशेबही जोडलाय. मालकाने येत्या रविवारी दोन तासांचं शटडाउन दिलंय. कपॅसिटर लावला की रात्री अकराचं नवं रीडिंग इथेच टाकतो.