खुलासा : जपानच्या भूकंपाने घड्याळे चुकली का?
२०११ च्या जपानमधील भूकंपाने पृथ्वीचा आस सरकला, दिवस लहान झाला आणि जगभरची घड्याळे चुकली, असा मेसेज पुन्हा फिरतोय. निम्मा खरा आहे. नासाच्या रिचर्ड ग्रॉस यांच्या गणितानुसार वस्तुमान आसाच्या किंचित जवळ आल्याने दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी घटला. गणितानुसार, मोजून नव्हे. नुसत्या वाऱ्यांमुळेच दिवसाची लांबी वर्षभरात याच्या शेकडो पट कमीजास्त होते. या घटीतून एक सेकंद साठायला दीड हजार वर्षे लागतील! सरकला तो वस्तुमानाच्या समतोलाचा आस, सुमारे १७ सेंटिमीटर. अवकाशातली परिवलनाच्या आसाची दिशा नव्हे. आणि लीप सेकंद, म्हणजे घड्याळांत अधूनमधून मिळवला जाणारा जादा सेकंद, भूकंपामुळे का? पृथ्वी अणुघड्याळांच्या मागे पडते म्हणून तो मिळवतात. या भूकंपाने तर तिचा वेग वाढला, नगण्य का होईना.