पदवी नाही म्हणून फौजीला गेट किंवा विक्री? त्या मेसेजला उत्तर

लष्करातून बाहेर पडणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. मथितार्थ असा: इंजिनिअरिंगची पदवी नसेल तर संरक्षण तंत्रज्ञानाच्या कंपनीत तुम्हाला दोनच जागा आहेत, गेटवरची सुरक्षा किंवा विक्री. तुम्ही हाताळलेली यंत्रं जुनी, तिथली विद्या नवी. तेव्हा ओळखी वापरा, तेवढंच तुमचं भांडवल.

पदवीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो पटतो. रडारचं सिग्नल प्रोसेसिंग किंवा क्षेपणास्त्राची नियंत्रण प्रणाली रचायला गणित लागतं आणि सेवेची वर्षं त्याची जागा घेत नाहीत. फ्रँक व्हिटल १९२३ मध्ये ॲप्रेंटिस म्हणून ब्रिटिश हवाई दलात शिरले, १९३० मध्ये त्यांनी जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तरी १९३४ मध्ये ते केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेलेच.

पण रचना म्हणजे सगळं काम नव्हे. तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायची नऊ पातळ्यांची पट्टी नासाने रूढ केली आणि संरक्षण क्षेत्रानेही ती उचलली. तिच्या सातव्या पातळीवर नमुना प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत चालवून दाखवावा लागतो. चाचण्या आखणं, फील्ड सर्व्हिस, देखभालीच्या पुस्तिका, सुट्या भागांचं नियोजन, प्रशिक्षण ही कामं तिथून पुढे वाढत जातात. अमेरिकेतला ढोबळ हिशोब असा की शस्त्रप्रणालीच्या एकूण आयुष्यातल्या खर्चापैकी सुमारे ७० टक्के खर्च ती वापरण्यावर आणि सांभाळण्यावर होतो. मेसेज लिहिणाऱ्याला हे ७० टक्के दिसलेच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर काही वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) चाकंच वर घ्यायचे आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. दोष वैमानिकाच्या माथी जायचा. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपानिस यांनी पाहिलं, तर दोन्ही स्विच सारखे दिसणारे आणि शेजारीशेजारी होते. एकाला चाकाचा आणि दुसऱ्याला पाचरीचा आकार दिला की हाताला फरक कळायचा. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून गोळा केलेल्या अशा ४६० चुकांचं विश्लेषण केलं. हातमोजे घालून, अंधारात, झोप झालेली नसताना काय होतं ते ड्रॉइंगवर उमटत नाही. ते वापरणाऱ्याकडूनच काढून घ्यावं लागतं.

मात्र ते सांगता आलं पाहिजे. ‘दळणवळणाची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून इंजिनिअरला काहीच हाती लागत नाही. बिघाड कोणत्या हवामानात यायचा, आधी काय लक्षण दिसायचं, दुरुस्तीला किती वेळ लागायचा, सुटा भाग कुठे अडकायचा, हे गोपनीयतेची मर्यादा सांभाळून लिहिलं तर ते त्याच्या कामाचं. आणि हुद्दा? डिझाइनच्या बैठकीत त्याचा उपयोग जवळपास शून्य. कालपर्यंत सॅल्यूट घेणाऱ्याला हे जड जातं, पण इलाज नाही.

‘जुनी यंत्रं’ या आक्षेपाला फार वेळ द्यायला नको. शेवटचं बी-५२ हे अमेरिकी बॉम्बर विमान कारखान्यातून १९६२ मध्ये बाहेर पडलं. ती विमानं अजून सेवेत आहेत. मिल-एसटीडी-१५५३ हे विमानातल्या उपकरणांना जोडणाऱ्या डेटा बसचं मानक १९७३ चं, आणि तेही वापरात आहे. नवं उपकरण बहुतेक वेळा जुन्याच विमानावर, जहाजावर किंवा रणगाड्यावर बसवायचं असतं. ते जुनं अंतर्बाह्य माहीत असलेला माणूस बैठकीत असावाच लागतो.

राहिल्या ओळखी. मला हा सल्ला चुकीचाच नव्हे, घातक वाटतो. ओळखीचे अधिकारी बदलून जातात, निवृत्त होतात. दोन-चार वर्षांत ती यादी शिळी होते. शिवाय अनेक देशांत निवृत्तीनंतर ठरावीक काळ परवानगीशिवाय खासगी नोकरी धरण्यावर, किंवा आपल्याच जुन्या खात्याकडे कंपनीची वकिली करण्यावर बंधनं असतात. वरिष्ठांसाठी ती अधिक कडक. गोपनीयतेचं बंधन तर गणवेश उतरवल्यावरही सुटत नाही.

विक्रीची नोकरी वाईट नाही, चांगला डेमो देणारा माजी सैनिक कंपनीला हवाच असतो. पण मुलाखतीत एक गोष्ट विचारून घ्या: पगार यंत्राबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा आहे की जुन्या साहेबांना फोन लावण्याचा? दुसरं असेल तर सही करण्याआधी आपल्या सेवेचे निवृत्तीनंतरचे नियम स्वतः वाचा, कंपनीच्या एचआरच्या तोंडी भरवशावर राहू नका.