विलंबाचा मुद्दा राहिला

ऑनलाइन प्रक्षेपणामुळे फुटबॉल प्रत्येकाच्या हाती आला, हे फुटबॉलच्या ऑनलाइन प्रक्षेपणावरील आपल्या लेखातील विधान मान्य आहे. परंतु चित्र उशिरा पोहोचण्याचा, म्हणजे विलंबाचा प्रश्न लेखकाने फारच घाईत उरकला आहे. मोबाइलवरचे चित्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागून पाठवले जाते आणि मध्येच खंड पडू नये म्हणून फोन त्यातले काही तुकडे आधी साठवून ठेवतो, त्यामुळे केबलवर झालेला गोल आपल्याला बऱ्याचदा उशिरानेच दिसतो. एफसी गोवा या आपल्या संघाचा सामना फातोर्ड्याच्या घरच्या मैदानात नसून बाहेरगावी असला की शेजारच्या घरातली आरोळी आधी कानावर पडते आणि पेनल्टीची उत्कंठा (जिच्यासाठी माणूस जागतो!) तिथेच संपते. २०२३-२४ च्या हंगामात इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा जिओसिनेमा या ॲपवर गेली, तरी ती स्पोर्ट्स१८ या टीव्ही वाहिनीवरही दिसत होती, ही दुहेरी सोय टिकायला हवी. मडगावातल्या काही बारमालकांनी छपरावरची टीव्हीची डिश अजून उतरवलेली नाही, त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.