बिननावाचं झाड?

जोशुआ ट्री म्हणजे अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातलं टोकदार पानांचं झाड. त्याच्याबद्दलचं ‘मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) वसाहतकऱ्यांनी या बिननावाच्या झाडाला जोशुआ ट्री म्हटलं’ हे वाक्य खटकलं. बिननावाचं कसं? तिथले मूळनिवासी कहुइया लोक मॉर्मनांच्या कितीतरी आधीपासून त्याच्या पानांच्या टोपल्या आणि पायताणं विणत होते, कळ्या-बिया खात होते. १८४४मध्ये अमेरिकी शोधप्रवासी फ्रेमाँटने त्याला वनस्पतीसृष्टीतलं सर्वांत किळसवाणं झाड ठरवलं. यात झाडाचा काय दोष? नजर हिरव्या रानांना सरावलेली!

मी पहिल्यांदा मोहावे वाळवंटात गेले तेव्हा मला मात्र ते ओळखीचंच वाटलं. आजोबा बांधावरच्या घायपाताचे दोर वळायचे, तीच टोकदार पानं. नंतर कळलं, दोन्ही खरंच एकाच कुळातली. आणि घायपातही मूळचा तिकडचाच, मेक्सिकोचा. त्याला आमच्या गावात कुणी किळसवाणं म्हटलेलं आठवत नाही.