४,५६७ मतांना ‘एकही मत नाही’ म्हणता येत नाही

‘कमला हॅरिस यांना एकही मत न पडता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली.’ २०२४ च्या जुलैपासून हे वाक्य फिरतंय, आणि निवडणूक होऊन गेली तरी थांबलेलं नाही. मराठीत ते एका लांबलचक फॉरवर्डच्या पोटात येतं. त्याचा गाभा असा: अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार लोक ठरवत नाहीत, दहा-बारा बडे नेते बंद खोलीत ठरवतात. डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी) कायद्याने बांधलेले असतात, तसं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, तरी त्यांनी बायडन यांची मतं फिरवली आणि राज्यघटना मोडली. हे सगळं सुपरडेलिगेटांनी, म्हणजे पदामुळे आपोआप डेलिगेट होणाऱ्या नेत्यांनी, घडवून आणलं. अधिवेशन म्हणजे चार दिवसांची जत्रा. आणि शेवटी शेरा, ‘आपल्यासारखंच तिकडेही हायकमांड.’

हॅरिस चांगल्या उमेदवार होत्या की नव्हत्या, हा माझा विषय नाही. त्या हरल्या, तो निकाल मतदारांनी दिला. पण उमेदवार निवडण्याची ही पद्धत जवळपास दोनशे वर्षं भांडतभांडत घडली आहे. तिच्यात बसायला जागा मिळावी म्हणून माणसांनी तुरुंगात मार खाल्ला आहे. ती अशी दोन ओळींत रद्दी ठरवलेली मला बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एकही मत नाही’ यातला खरा भाग आधी मान्य करतो. त्या वर्षीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत मतदार करतात त्या मतदानात, अध्यक्षपदासाठी हॅरिस यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. फॉरवर्डने एवढंच म्हटलं असतं तर हे लिहायची गरज नव्हती. पण प्रायमरीतलं मत नेमकं काय निवडतं? ते उमेदवाराच्या नावावर पडतं खरं, पण त्यातून निवडले जातात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन मत देणारे प्रतिनिधी. डेमोक्रॅटिक पक्षात ज्या उमेदवाराला १५ टक्के किंवा जास्त मतं मिळतात, त्याला त्या प्रमाणात डेलिगेट मिळतात. इलिनॉयसारख्या राज्यात तर या डेलिगेटांची नावंच मतपत्रिकेवर छापलेली असतात. उमेदवारी द्यायचा अधिकार त्यांचा. प्रायमरीचा निकाल म्हणजे उमेदवारी नव्हे. ती द्यायला कोण जाणार, त्याचा तो निकाल.

२१ जुलै २०२४, रविवारी बायडन यांनी माघार घेतली. त्यांना १ कोटी ४० लाखांहून जास्त मतं मिळाली होती, आणि त्या मतांतून निवडून आलेले साधारण ३,९०० डेलिगेट आपापल्या जागी होते. त्यांची निवड रद्द झाली नव्हती. गेला होता त्यांचा उमेदवार. पक्षाने नियम जाहीर केला: ज्याला उभं राहायचं असेल त्याने किमान ३०० डेलिगेटांच्या सह्या आणाव्यात, एका राज्यातल्या ५० पेक्षा जास्त धरल्या जाणार नाहीत. हा नियम सगळ्यांना सारखा होता. मुदत संपली तेव्हा तेवढ्या सह्या फक्त हॅरिस यांच्याकडे होत्या. मग १ ते ५ ऑगस्ट या काळात डेलिगेटांनी ऑनलाइन मतदान केलं आणि हॅरिस यांना ४,५६७ मतं मिळाली.

हे मतदान अधिवेशनाच्या आधी, ऑनलाइन का झालं, यावर मात्र टीका करायला जागा आहे. ओहायो राज्यात मतपत्रिकेवर नाव पाठवायची मुदत ७ ऑगस्ट होती आणि शिकागोचं अधिवेशन १९ ऑगस्टला सुरू होणार होतं. म्हणून आधी मतदान घ्यायचं ठरलं. पुढे ओहायोच्या विधिमंडळाने कायदा बदलून मुदत वाढवली, तरी पक्षाने बेत बदलला नाही. पुढे कोर्टकचेरी नको, हे त्यांचं कारण मी समजू शकतो. तरीही हे मतदान सभागृहात, सगळ्यांसमोर, एकेका राज्याचं नाव पुकारत व्हायला हवं होतं असं मला वाटतं. २० ऑगस्टला शिकागोत गाण्याबजावण्यासह एकेका राज्याचं नाव पुकारलं गेलं, तो उपचार होता. कौल आधीच नोंदवला गेला होता.

आता ‘राज्यघटना मोडली’. अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्ष हा शब्दच नाही, मग पक्षाचं अधिवेशन कुठून असणार? सुरुवातीला काँग्रेसमधले खासदारच एकत्र बसून आपापल्या पक्षाचा उमेदवार ठरवत. १८२४ मध्ये अशाच एका तुटपुंज्या बैठकीने विल्यम क्रॉफर्ड यांना उभं केलं, तेव्हा लोक इतके चिडले की ती पद्धतच मोडीत निघाली. सप्टेंबर १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक नावाच्या छोट्या पक्षाने बाल्टिमोरला राज्याराज्यांतून प्रतिनिधी बोलावून उमेदवार निवडला. हे पहिलं राष्ट्रीय अधिवेशन. म्हणजे अधिवेशन जन्मालाच आलं ते मूठभर खासदारांच्या हातातून ही निवड काढून घेण्यासाठी.

२०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल खरा आहे, पण तो डेलिगेटांबद्दल नाही. तो इलेक्टरांबद्दल आहे. इलेक्टर म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर आपापल्या राज्यात मत देऊन अध्यक्ष निवडणारे ५३८ जण. राज्यं त्यांना कायद्याने बांधू शकतात, असं कोर्टाने म्हटलं. डेलिगेट पक्षाचे असतात, इलेक्टर राज्यघटनेतले. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन वेगळी माणसं एक केली आहेत. डेलिगेटांबाबत कोर्टाचा निकाल आहे १९८१ चा, विस्कॉन्सिनच्या खटल्यातला. राष्ट्रीय पक्षाचे डेलिगेटविषयीचे नियम राज्याच्या कायद्यावर मात करतात, असं त्यात ठरलं.

मग पक्षाचा नियम काय सांगतो? डेमोक्रॅटांच्या नियमानुसार डेलिगेटाने, ज्यांनी आपल्याला निवडून दिलं त्यांच्या भावना सद्सद्विवेकाने मतातून व्यक्त करायच्या. इतकंच. या सैल वाटणाऱ्या शब्दांमागे एक जखम आहे. १९८० मध्ये नियम अगदी कडक होता. ज्याच्या नावावर निवडून आलात त्यालाच मत द्या, नाहीतर तुम्हाला काढून दुसरा डेलिगेट बसवू. तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांची लोकप्रियता ढासळली होती. त्यांच्याविरुद्ध उमेदवारी मागणाऱ्या टेड केनेडी यांच्या गटाने न्यू यॉर्कच्या अधिवेशनात तो नियम उठवून डेलिगेटांना मोकळं करायचा प्रयत्न केला आणि ते हरले. कार्टर उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये दणकून पडले. त्यानंतर पक्षाने तो नियम काढला आणि विवेकाचा शब्द आणला. रिपब्लिकन पक्षाने उलट वाट धरली. तिथे बांधील डेलिगेटाने उठून वेगळं नाव घेतलं तरी सचिव त्याचं मत बांधील उमेदवाराच्याच खात्यात नोंदवतो. दोन पक्ष, दोन उत्तरं. कोणतं बरोबर यावर वाद घालता येईल, पण दोन्ही लेखी नियम आहेत. आणि उमेदवाराने स्वतःच माघार घेतली, तर डेलिगेटाने बांधील राहायचं कोणाशी?

‘बंद खोली’ ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १९२० मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातल्या धुराने भरलेल्या खोलीत रिपब्लिकन उमेदवार म्हणून वॉरन हार्डिंग यांचं नाव पक्कं झालं, अशी आख्यायिका आहे. प्रायमरीच्या मतदारांना बाजूला सारून उमेदवार दिल्याचं उदाहरण हवं असेल तर १९५२ बघा. डेमोक्रॅट सिनेटर एस्टिस केफॉव्हर यांनी न्यू हॅम्पशरमध्ये साक्षात अध्यक्ष ट्रुमन यांना हरवलं, बहुतेक प्रायमरी जिंकल्या, आणि अधिवेशनातल्या मतदानाच्या तिसऱ्या फेरीत उमेदवारी मिळाली ती प्रायमरी न लढलेल्या स्टीव्हन्सन यांना.

पण सगळ्यात मोठं उदाहरण १९६८ चं. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, अध्यक्ष जॉन्सन यांनी मार्चमध्येच पुन्हा न लढण्याचं जाहीर केलेलं. युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी प्रायमरी लढवत राज्याराज्यांत फिरत होते. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकली त्याच रात्री केनेडींना गोळ्या लागल्या. आणि ऑगस्टमध्ये शिकागोत, बाहेर पोलीस तरुणांना लाठ्यांनी झोडपत असताना, आत उमेदवारी मिळाली एकही प्रायमरी न लढलेल्या उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना. त्या काळी बहुसंख्य डेलिगेट राज्यातले पक्षनेतेच नेमायचे, काही ठिकाणी तर निवडणुकीच्या आदल्या वर्षीच. फॉरवर्डचं वर्णन २०२४ ला नाही, १९६८ ला लागू पडतं.

त्या संतापातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला. डेलिगेट निवडायची प्रक्रिया लेखी, खुली आणि निवडणुकीच्याच वर्षात हवी. स्त्रिया, तरुण, कृष्णवर्णीय यांना त्यात वाव हवा, असं त्याने पक्षावर बंधन घातलं. आजचा प्रायमरींचा जो सहा महिन्यांचा सोहळा आपण टीव्हीवर बघतो, तो तिथून सुरू झाला. आधीच्या पिढीने ज्या गोष्टीविरुद्ध लढून नियम मिळवले, त्याच नियमांनी झालेल्या निवडीला ‘बंद खोली’ म्हणणं हा त्या पिढीवर अन्याय आहे.

सुपरडेलिगेटांचा मुद्दा थोडक्यात संपतो. खासदार, राज्यपाल, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य असे हे पदसिद्ध डेलिगेट १९८४ पासून आहेत. २०१६ मध्ये त्यांच्यावर बरीच टीका झाली आणि २०१८ मध्ये पक्षाने त्यांचे हात बांधले. चुरस असेल तर पहिल्या फेरीत त्यांचं मत धरलं जात नाही. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार मिशिगनचे डेमोक्रॅट खासदार म्हणून नियमाने असेच सुपरडेलिगेट. २०२४ मध्ये एकच उमेदवार उरल्यामुळे त्यांच्या गटाची मतं धरली गेली, पण एकूण ४,७०० च्या आसपास असलेल्या डेलिगेटांत हा गट साधारण सहावा हिस्सा. सगळे वजा केले तरी निकाल तोच.

‘अधिवेशन म्हणजे जत्रा’ हे वाचलं की मला फॅनी लू हेमर आठवतात. मिसिसिपीतल्या शेतमजूर. मतदार नोंदणीच्या कामावरून परतताना १९६३ मध्ये त्यांना विनोनाच्या तुरुंगात अमानुष मारहाण झाली. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात, कोणाला डेलिगेट म्हणून बसू द्यायचं हे तपासणाऱ्या समितीपुढे त्या बोलल्या. मिसिसिपीचं अधिकृत शिष्टमंडळ निव्वळ गोऱ्यांचं होतं, आणि त्या जागा आमच्या आहेत असा हेमर यांच्या गटाचा दावा होता. कॅमेरे त्यांच्यावरून हटावेत म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद घेतली. वाहिन्यांनी हेमर यांची साक्ष संध्याकाळी पुन्हा दाखवली आणि ती देशभर पोहोचली. त्यांच्या गटाला देऊ केल्या दोन जागा, त्या गटाने नाकारल्या. चार वर्षांनी मात्र मिसिसिपीच्या त्या गोऱ्या शिष्टमंडळाला बाहेर बसावं लागलं आणि हेमर डेलिगेट म्हणून सभागृहात आल्या. अधिवेशनात नुसतीच जत्रा असती तर एका खुर्चीसाठी देशाच्या अध्यक्षाला धावपळ करावी लागली नसती.

रिपब्लिकनांचं १९७६ चं कॅन्सस सिटी बघा. जिंकायला १,१३० मतं लागत होती आणि अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्ष फोर्ड की त्यांना आव्हान देणारे रेगन हे खात्रीने कोणीच सांगू शकत नव्हतं. रेगन गटाने एका नियमावर मतदान मागितलं: फोर्ड यांनी उपाध्यक्षाचं नाव आधी जाहीर करावं. तो ठराव १,०६९ विरुद्ध १,१८० असा पडला आणि तिथेच रेगन यांची उमेदवारी निसटली. शेवटची मोजणी फोर्ड १,१८७, रेगन १,०७०. हे खरं की १९५२ नंतर कुठल्याच मोठ्या पक्षात दुसरी फेरी घ्यावी लागलेली नाही. पण फेरी एकच लागते म्हणून तिच्यातलं मत खोटं ठरत नाही.

राहिलं हायकमांड. आपल्याकडे एबी फॉर्म कोणाला मिळणार हे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कळत नाही, आणि तो का मिळाला याचं उत्तर मागायचा हक्क कार्यकर्त्याला नाही. तिथे अधिवेशनाचे अध्यक्ष आणि सचिव उमेदवाराचं नाव प्रमाणित करून राज्यांना कळवतात, पण त्याआधी मोजलेली मतं असतात, राज्यवार, जाहीर. हा फरक छोटा नाही.

आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटांनी लोकांना खरोखर कुठे डावललं हे शोधायचं असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये नको, त्याआधीच्या महिन्यांत शोधा. फ्लोरिडात पक्षाने प्रायमरीसाठी एकट्या बायडन यांचं नाव दिलं. एकच नाव म्हणून प्रायमरीच झाली नाही. तिथल्या डेमोक्रॅट मतदारांना मत द्यायला मतपत्रिकाच मिळाली नाही, आणि त्या राज्याचे सगळे डेलिगेट बायडन यांच्या खात्यात गेले. फॉरवर्डमध्ये फ्लोरिडाचं नाव कुठेही नाही.